आदामाचा दोष माझ्या माथी का? जन्मपाप आणि तारणाचं वचन

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिली माणसं आदाम आणि हव्वा यांनी देवाने मना केलेलं फळ खाऊन आज्ञा मोडली, त्याचा दोष आज जन्मलेल्या बाळावर कसा येतो? असा दोष लावणारा देव न्यायी कसा? आणि ख्रिस्ती माणूस ज्या तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, वचनाचा आधार घेतो, ते वचन शास्त्रात नेमकं कुठे दिलं आहे? बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग मी पंचवीसहून अधिक वर्षं घेत आलो आहे. पहिले दोन प्रश्न प्रत्येक वर्गात येतात, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. तिसरा क्वचितच कोणी विचारतं. पण मी सुरुवात तिथूनच करतो, कारण वचन बाजूला ठेवून जन्मपाप समजून घ्यायला गेलं की हाती फक्त एक कठोर आरोप उरतो.

बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय जेमतेम २४ ओव्यांचा आहे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणूनच ती कोणी नीट वाचत नाही. त्यात सफरचंद नाही. फळाचं नावच कुठे दिलेलं नाही. सर्पाला सैतान म्हटलेलं नाही. ती ओळख बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात उघड होते. 'पाप' हा शब्दसुद्धा या अध्यायात नाही. तो प्रथम येतो पुढच्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन याच्या दाराशी टपून बसलेला. तिसऱ्या अध्यायात महत्त्वाचा आहे तो घटनांचा क्रम, आणि तो मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. आज्ञा मोडली जाते. दोघं झाडांत लपतात. देव शोधत येतो आणि विचारतो, "तू कुठे आहेस?" आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, हव्वा सर्पाकडे. मग निवाडा होतो. शाप सर्पाला मिळतो आणि जमिनीला मिळतो. स्त्रीच्या आणि पुरुषाच्या वाट्याला वेदना, कष्ट आणि मरण येतं, पण 'शापित' हा शब्द त्या दोघांसाठी वापरलेला नाही. सर्पाला शाप देता देताच १५व्या ओवीत देव सांगतो की सर्प आणि स्त्री यांच्यात, त्याची संतती आणि तिची संतती यांच्यात तो वैर ठेवील. स्त्रीची संतती सर्पाचं डोकं फोडील आणि सर्प तिची टाच फोडील. २०व्या ओवीत आदाम पत्नीचं नाव हव्वा ठेवतो. या हिब्रू नावाचा संबंध 'जीवन' या शब्दाशी आहे. मातीला मिळशील हे नुकतंच ऐकलेला माणूस पुढच्याच क्षणी बायकोला जीवनाचं नाव देतो! २१व्या ओवीत देव दोघांना कातड्याची वस्त्रं करून घालतो. आणि त्यानंतर, अगदी शेवटी, त्यांना बागेबाहेर काढलं जातं.

म्हणजे वचन आधी आलं आणि हद्दपारी नंतर. बागेबाहेर पहिलं पाऊल टाकताना त्या दोघांच्या अंगावर देवाने दिलेली वस्त्रं होती आणि कानात देवाचा शब्द होता. पुढची सगळी शिकवण मी या क्रमाच्या उजेडात वाचतो.

ती १५वी ओवी हेच तुम्ही विचारलेलं पहिलं वचन. चर्चच्या परंपरेत तिला 'आद्य शुभवर्तमान' म्हणतात. मराठी वाचकाची इथे एक अडचण होते. 'संतती' शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे सर्वनाम 'ती' येतं आणि डोकं फोडणारी स्त्रीच आहे की काय असं वाटतं. मूळ हिब्रूत सर्वनाम पुल्लिंगी आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातही ते पुल्लिंगीच ठेवलं आहे, आणि तिथे तर ज्या नामाबद्दल ते आलं ते नाम नपुंसकलिंगी होतं. व्याकरण बाजूला सारून भाषांतरकारांनी 'तो' लिहिलं, यावरून त्यांच्या मनात कोणी एक पुरुष असावा असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पुढे लॅटिन भाषांतरात 'ती' आलं, आणि त्यातूनच सर्पाच्या डोक्यावर पाय ठेवून उभ्या असलेल्या येशूच्या आईची, मरियेची चित्रं रूढ झाली. एवढंही मान्य करायला हवं की ही ओवी स्वतंत्रपणे वाचली तर ती फार अंधुक आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन आणि इरेनियस या ख्रिस्ती लेखकांनी हव्वा आणि मरिया यांना समोरासमोर ठेवलं, आणि इरेनियसने या ओवीत ख्रिस्ताचा विजय वाचला. ते वाचन क्रुसाकडून मागे वळून पाहिलेलं आहे. यहुदी परंपरा हाच अध्याय वाचते आणि त्यातून जन्मपापाची शिकवण काढत नाही. मतभेद कुठे आहे हे प्रामाणिकपणे माहीत असलेलं बरं.

त्या अंधुक ओवीपासून पुढे वचन हळूहळू स्पष्ट होत जातं. अब्राहामाला सांगितलं जातं की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. दावीदाला त्याच्या वंशजाचं राज्य कायम राहील असं वचन मिळतं. संदेष्टा यिर्मया ३१व्या अध्यायात दगडाऐवजी हृदयावर लिहिलेल्या नव्या कराराबद्दल बोलतो. यशयाच्या ५३व्या अध्यायात इतरांची पापं वाहणारा सेवक दिसतो. या सगळ्यांवर लिहायचं तर स्वतंत्र उत्तर लागेल. मला इथे थांबायचं आहे ते एका शब्दापाशी, कारण तुमच्या न्यायाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या शब्दात सापडलं.

तो शब्द आहे 'गोएल'. आपण 'उद्धारक' किंवा 'तारणारा' म्हणतो, तिथे जुन्या करारात अनेकदा हा हिब्रू शब्द असतो. त्याचा मूळ अर्थ देवळातला नाही, घरातला आहे. लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात नियम आहे: भाऊबंद गरिबीमुळे जमीन विकून बसला तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाने ती सोडवावी. तो स्वतःच गुलाम म्हणून विकला गेला तर भावाने, चुलत्याने, चुलतभावाने किंवा कुळातल्या कोणी त्याला सोडवून आणावं. हा सोडवणारा नातेवाईक म्हणजे गोएल. गहाण सोडवणं हा आपल्याकडचा शब्दप्रयोग त्याच्या किती जवळचा आहे पाहा. बायबलमधल्या रूथ या विधवेच्या गोष्टीतला बवाज असाच गोएल आहे. त्याच्याहून जवळचा एक नातेवाईक होता, पण आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून तो मागे सरला. गोएलकडे तीन गोष्टी लागतात: नातं, ऐपत आणि तयारी. त्या माणसाकडे तिसरी नव्हती. ईयोब आपल्या यातनेत "माझा उद्धारक जिवंत आहे" म्हणतो तेव्हा हाच शब्द वापरतो. यशया तर देवालाच इस्राएलाचा गोएल म्हणतो.

पण देव माणसाचा नातेवाईक कसा होणार? नव्या करारातलं इब्री लोकांना पत्र याचं सरळ उत्तर देतं: मुलं रक्तमांसाची आहेत म्हणून तोही रक्तमांसाचा झाला आणि त्यांना बंधू म्हणायला तो लाजत नाही. लूक येशूची वंशावळ अब्राहामापाशी थांबवत नाही, ती थेट आदामापर्यंत नेतो. आणि वंशावळ संपताच येशू अरण्यात मोहाला सामोरा जाताना दिसतो. बागेत हरलेल्याच कुळातला माणूस आता ओसाड जागी उभा आहे. चौथ्या शतकात ग्रेगरी नाझियान्झस याने हीच गोष्ट थोडक्यात मांडली: जे ख्रिस्ताने आपलंसं केलं नाही ते बरं झालेलं नाही.

आता न्यायाकडे येऊ. "दुसऱ्याने केलेलं माझ्यावर का?" या तक्रारीमागे एक गृहीत असतं की प्रत्येक माणूस सुटा आहे, ज्याचं त्याच्यापाशी. तसं असेल तर जन्मपाप खरोखरच अन्याय आहे. पण मग तारणही अशक्य आहे, कारण दुसऱ्या कोणाचं क्रुसावरचं मरण माझ्या उपयोगी कसं पडावं? प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त यांना एकाच वाक्यात बांधतो ते याचसाठी. ज्या नात्याच्या दोरीने मी आदामाबरोबर खाली ओढला गेलो, त्याच दोरीने ख्रिस्त मला वर ओढतो. दोरी अन्यायाची म्हणून कापली तर वर कसा येणार?

शिवाय दोष या शब्दाबद्दल सावध राहायला हवं. बाळाने काही केलेलं नाही. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे की जन्मपापाला पाप म्हणतात ते साम्यामुळे. ते केलेलं पाप नाही, लाभलेली अवस्था आहे, कृती नव्हे. वर्गात मी निर्वासितांच्या बाळाचा दाखला देतो. आईबापांनी देश गमावला आणि बाळ सीमेपलीकडे छावणीत जन्मलं. सीमा त्याने ओलांडली नाही, त्याच्यावर कसला खटला नाही, तरी ते घराबाहेरच जन्मलं. जे त्याचं असायला हवं होतं ते त्याच्यापाशी नाही. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस या अवस्थेला मूळ नीतिमत्तेचा, म्हणजे आरंभी माणसाला लाभलेल्या नीतिमत्तेचा, अभाव म्हणतो. हा दाखला एका ठिकाणी कमी पडतो हेही सांगून टाकतो: छावणी फक्त बाहेर असते, जन्मपापाची जखम आत इच्छेतही असते. करू इच्छितो ते चांगलं करत नाही आणि नको ते वाईट करतो, ही पौलाची तळमळ ज्याने स्वतःशी एकदा तरी प्रामाणिकपणे बोलून पाहिलं आहे त्याला परकी वाटत नाही.

काही वाचक जन्मपापाची तुलना प्रारब्धाशी करतात. तुलना समजण्यासारखी आहे, पण फरक मोठा आहे. प्रारब्धात फळ ज्याच्या त्याच्या आधीच्या कर्माचं असतं. इथे माझा आधीचा जन्मच नाही. हा वारसा कुळाचा आहे, आणि तो फेडून संपवायचाही नाही.

यहेज्केलाचा १८वा अध्याय या शिकवणीच्या विरोधात नेहमी पुढे केला जातो: मुलगा बापाच्या दुष्कर्माचा भार वाहणार नाही. मी तो अध्याय टाळत नाही, उलट वर्गात मोठ्याने वाचून घेतो. संदेष्टा ज्या लोकांशी बोलतो ते हद्दपारीत आहेत आणि 'बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली, मुलांचे दात आंबले' ही म्हण तोंडी लावून स्वतःच्या जबाबदारीतून सुटू पाहत आहेत. त्याचं म्हणणं असं की वैयक्तिक पापाचा हिशेब वैयक्तिकच होईल. जन्मपापाची शिकवण याला नाकारत नाही. आदामाच्या कृतीबद्दल कोणाही माणसाची वैयक्तिक झडती होत नाही. पण त्याच यहेज्केलाने ३६व्या अध्यायात देवाचा शब्द सांगितला आहे की मी तुम्हांला नवं हृदय देईन, दगडाचं काढून मांसाचं देईन. हृदय ठीक असतं तर नवं कशाला लागलं असतं?

इतिहास थोडा सांगितलाच पाहिजे, कारण आजची बरीच भीती तिथून आली आहे. जन्मपापासाठीचा 'मूळ पाप' हा लॅटिन शब्दप्रयोग उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने (३५४–४३०) इ. स. ३९६च्या सुमारास रूढ केला. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर नाशपाती चोरल्याची त्याची आठवण प्रसिद्ध आहे. भूक नव्हती, फळं चांगलीही नव्हती, चोरी करण्याचाच आनंद होता, आणि तो आनंद आला कुठून हे कोडं त्याला आयुष्यभर सुटलं नाही. त्याच्यासमोर उभा राहिला पेलागियस, रोममध्ये राहणारा एक तळमळीचा तपस्वी. त्याला वाटे की देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची शक्ती माणसात असलीच पाहिजे, आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिलं. मला पेलागियसबद्दल आदर आहे. आळशी ख्रिस्ती लोकांना सबबी मिळू नयेत एवढीच त्याची इच्छा होती. पण त्याच्या मार्गावर बलवान तरतो आणि दुबळ्याच्या हाती फक्त उपदेश येतो. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने आणि ४३१ साली इफिससच्या परिषदेने त्याची बाजू नाकारली. ५२९ साली ऑरेंजच्या सभेने चांगल्याची सुरुवातसुद्धा कृपेने होते असं ठरवलं.

मात्र ऑगस्टीनचा एक आधार डळमळीत होता. रोमकरांस ५:१२ मध्ये पौलाच्या ग्रीक वाक्याचा बहुतेकांना मान्य असलेला अर्थ 'कारण सर्वांनी पाप केलं' असा आहे. ऑगस्टीनच्या हाती असलेल्या लॅटिन भाषांतरात तेच 'ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केलं' असं वाचलं गेलं, जणू सगळे आदामाच्या आत आधीच उभे होते. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चला ही अडचण आली नाही. ऑर्थोडॉक्स शिकवणीत आपल्याला आदामाकडून मरण आणि मरणाच्या भीतीने वाकलेला स्वभाव मिळतो, त्याचा अपराध नव्हे. पश्चिमेत लूथरपंथीयांच्या १५३०च्या ऑग्जबर्गच्या कबुलीने आणि १५४६ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने आपापल्या परीने शिकवण मांडली. प्रोटेस्टंट धर्मसुधारक लूथरच्या मते माणूस स्वतःकडेच वळलेला, स्वतःतच वाकलेला आहे. ट्रेंटच्या मते माणसाची स्वतंत्र इच्छा दुबळी झाली, मेली नाही. माझं मत विचाराल तर वारशाच्या बाबतीत मला पूर्वेची मांडणी पौलाच्या शब्दांना जास्त धरून वाटते, आणि जखमेची खोली मोजण्यात ऑगस्टीनच्या जवळ कोणी पोहोचलेलं नाही.

याच इतिहासातून सर्वांत दुखरा प्रश्न येतो. बाप्तिस्म्याआधी वारलेल्या बाळाचं काय? ऑगस्टीनने अशा बाळांना अगदी सौम्य का होईना, पण शिक्षाच सांगितली. मध्ययुगीन पंडितांनी ती कमी करत 'लिंबो' ही दुःख नसलेली, पण देवदर्शनही नसलेली जागा कल्पिली. मी नवखा असताना एका आईने मला हे विचारलं. तिचं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं होतं आणि कोणीतरी तिला सांगितलं होतं की ते देवाजवळ नाही. मी तिला लिंबो म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शब्द पुस्तकातले होते आणि ती ऐकून काही न बोलता उठून गेली. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते. लिंबो हा कधीच बंधनकारक सिद्धांत नव्हता, ते एक मत होतं. धर्मशिक्षणग्रंथ अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवायला सांगतो आणि बालकांना माझ्याकडे येऊ द्या हे येशूचे शब्द तिथे आठवतो. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगानेही त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. आज ती आई समोर आली तर मी तिला सांगेन की तुझ्या बाळाचा गोएल तुझ्याहून जवळचा नातेवाईक आहे.

दोन गैरसमज झटकन बाजूला करतो. जन्मपाप म्हणजे स्त्री-पुरुष संबंध नव्हे. 'फलद्रूप व्हा' हा आशीर्वाद उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, पतनाच्या आधी दिलेला आहे. आणि शरीर किंवा निसर्ग मुळातच वाईट आहे असंही ही शिकवण म्हणत नाही. ते मत मानी पंथाचं होतं. ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षं त्या पंथात होता आणि तो सोडूनच ख्रिस्ताकडे आला. बाग आणि सर्प शब्दशः घ्यायचे का, तर कॅथलिक शिकवणीनुसार भाषा रूपकाची आहे, पण मानवी इतिहासाच्या आरंभी माणसाने देवाकडे खरोखर पाठ फिरवली हे विधान रूपक नाही.

पौलाकडे पुन्हा येतो, कारण त्याचा सूर लोकांच्या कानावरच पडत नाही. रोमकरांस ५व्या अध्यायात तो 'त्याहून कितीतरी अधिक' हा ग्रीक शब्दप्रयोग चार वेळा करतो. आदाम आणि ख्रिस्त यांचं पारडं समान नाही. एकाच्या अपराधाने जे गेलं त्यापेक्षा दुसऱ्याच्या कृपेने मिळालं ते जास्त आहे. म्हणूनच पुनरुत्थानाच्या जागरणाच्या रात्री मेणबत्तीसमोर गायल्या जाणाऱ्या प्राचीन स्तोत्रात आदामाच्या अपराधाला 'धन्य अपराध' म्हटलं आहे, ज्याने एवढा थोर तारणारा मिळवून दिला. पहिल्यांदा ऐकणारे दचकतात. मी त्यांना सांगतो की हे पापाचं कौतुक नाही. परत मिळालेली बाग गमावलेल्या बागेपेक्षा मोठी निघाली, तिचा तो आनंद आहे.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण बाप्तिस्म्यानंतर सहा महिन्यांत बहुतेकजण ती विचारत येतात: तारण झालं म्हणता, मग जुना राग, जुनी लालसा अजून का सुटत नाही? ट्रेंटच्या परिषदेने याचं उत्तर दिलं आहे की बाप्तिस्म्याने जन्मपाप पूर्ण पुसलं जातं, ओढ मात्र झुंजीसाठी मागे राहते, आणि ओढ असणं हे स्वतःच पाप नव्हे. लूथरपंथी मंडळी त्या ओढीलाही पापच म्हणतात, फक्त ते आता आपल्या नावे मोजलं जात नाही असं मानतात. वाद खरा आहे, पण त्या ओढीशी रोज झुंजावं लागतं हे दोघांनाही मान्य आहे. पौलसुद्धा रोमकरांस ८व्या अध्यायात लिहितो की आपण आतल्या आत कण्हत आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आहोत. वचनाचा तेवढा भाग अजून यायचा आहे, आणि तोवर जो कण्हतो आहे त्याचं तारण झालेलं नाही असं त्याला कोणी म्हणू नये.